दोन आठवड्यांची मुदत आणि टपालपेटीवरचे नाव : जर्मनीतील पत्तानोंदणीचे एक प्रकरण

हे प्रकरण कोथरूडच्या एका २७ वर्षांच्या अभियंत्याचे आहे. चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षे काम केल्यावर त्याला दक्षिण जर्मनीत, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील एका औद्योगिक शहरात नोकरी लागली. तिथे गेल्यावर स्थानिक कार्यालयात आपला पत्ता नोंदवणे या वरकरणी किरकोळ कामापायी त्याचे पहिले दोन पगार बरेच कमी हाती आले आणि घरच्यांची दीड-दोन महिने झोप उडाली. मी पुण्यात जर्मन शिकवते आणि कागदपत्रांची भाषांतरे करते. हा मुलगा बी-१ पातळीपर्यंत माझ्या वर्गात होता, त्यामुळे सगळा घटनाक्रम मला आधी त्याच्या आणि मग त्याच्या आईच्या फोनवरून जवळजवळ रोजच्या रोज कळत गेला. त्याच्या परवानगीने तो इथे मांडते आहे. त्याची किंवा इतर कोणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कायद्यातील मुदती आणि रकमा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

नियम काय आहे

जर्मनीत जो कोणी एखाद्या घरात राहायला जातो, त्याने दोन आठवड्यांच्या आत त्या गावच्या कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवायचा असतो. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. कार्यालयाला कुठे ब्युर्गरब्युरो, कुठे ब्युर्गरआम्ट, तर जुन्या वळणाने आइनवोनरमेल्डेआम्ट म्हणतात. पूर्वी या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता. १ नोव्हेंबर २०१५ पासून सगळ्या देशाला एकच केंद्रीय नोंदणी कायदा लागू झाला. दोन आठवड्यांची मुदत त्याच्या कलम १७ मध्ये आहे आणि ती चुकवल्यास १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याने मधली काही वर्षे बंद असलेली एक अट पुन्हा आणली. ज्याने राहायला जागा दिली, त्याने ‘अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहायला आली आहे’ असे सहीनिशी लिहून द्यायचे. खोट्या पत्त्यांवर होणाऱ्या नोंदण्या थांबवणे हा त्यामागचा हेतू. या कागदाचे नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. फळ्यावर ते लिहायला घेतले की माझ्या वर्गात हमखास हशा पिकतो. इथे आपण त्याला घरदाखला म्हणू.

घरदाखल्याच्या जागी भाडेकरार चालत नाही, आणि प्रत्यक्ष राहायला जाण्याआधी नोंदणी होत नाही. या दोन्ही गोष्टी पुण्याहून जाणाऱ्या माणसाला आधी खऱ्याच वाटत नाहीत, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातली चूक नीट कळणार नाही.

भारतीय नागरिकाने आपण कुठे राहतो हे सरकारला कळवलेच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही. वाकड-हिंजवडीत दहा वर्षे राहणाऱ्या माणसाच्या आधार कार्डावर सांगलीचा नाहीतर जळगावचा पत्ता असतो, शिधापत्रिका आईवडिलांकडे असते, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. आपल्या लेखी पत्ता म्हणजे मागितल्यावर दाखवायचा पुरावा. मग ते वीजबिल असो, गॅसचे पुस्तक असो किंवा नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार असो. सक्तीची नोंदणी आपल्याकडे परदेशी नागरिकांना आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि त्याला जागा देणाऱ्या घरमालकाला २४ तासांत ती माहिती कळवावी लागते. हे काम पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते. भाडेकरू ठेवला की पोलीस ठाण्याला कळवायचे, हेही आपल्या अंगवळणी पडलेले. त्यामुळे मुलाला दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात नाव नोंदवायचे आहे हे कळताच त्याच्या आईने मला विचारले, “अहो ताई, म्हणजे पोलिसात का?”

पोलिसांत नव्हे. ती नगरपालिकेची नोंदवही असते, तिच्यात जन्माने जर्मन असलेल्या माणसाचेही नाव असते आणि शेजारच्या गल्लीत बिऱ्हाड हलवले तरी त्यालाही पुन्हा जाऊन ते बदलावे लागते. तिथे पत्ता माणसाच्या मागोमाग फिरतो. आपल्याकडे माणूस फिरतो आणि पत्ता जागच्या जागी राहतो. या मुलाने जर्मन व्याकरण उत्तम आत्मसात केले होते, पण हा फरक त्याच्या ध्यानात आला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही वर्गात तो इतक्या स्पष्टपणे कधी सांगितला नव्हता.

पुण्यात घेतलेला निर्णय

जायच्या तीन आठवडे आधी त्याने व्हॉट्सअॅपवरच्या एका समूहातून खोली ठरवली. तीन खोल्यांच्या सदनिकेतली एक खोली, सामानासह, तीन महिन्यांसाठी, महिना ४२० युरो. खोली देणारा स्वतः मालक नव्हता. तोही भाडेकरूच होता आणि जोडीदार गेल्यामुळे रिकामी झालेली खोली तो पुढे भाड्याने देत होता. त्या शहरात या भाड्यात खोली मिळणे ही चैनच म्हणायची. जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत ‘आनमेल्डुंग शक्य नाही’ असे स्वच्छ लिहिलेले होते.

ती ओळ त्याने वाचली होती. नंतर तो म्हणाला, “मॅडम, मला वाटलं, तीन महिन्यांच्या जागेला कोण विचारतंय? पक्कं घर मिळालं की करू.” पुण्यात नवे बिऱ्हाड थाटणारा कोणीही हेच म्हणेल. आधी हातपाय पसरू, मग कागद. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कागदाला कागद लावून ठेवणारे. त्यांनी त्याच्या सगळ्या पदव्यांच्या, लसीकरणाच्या, बारशाच्यासुद्धा प्रती काढून नारिंगी फाइलमध्ये लावून दिल्या होत्या. त्या फाइलमध्ये या एका नोंदणीला उपयोगी पडेल असा पासपोर्टशिवाय एकही कागद नव्हता, कारण लागणारा कागद मुळात पुण्यात तयार होणारच नव्हता.

पहिले तीन आठवडे

तो शुक्रवारी संध्याकाळी पोचला आणि सोमवारी कामावर रुजू झाला. त्याच दिवशी कंपनीच्या कार्मिक विभागाने त्याच्याकडे तीन गोष्टी मागितल्या: बँक खात्याचा क्रमांक, आरोग्यविम्याच्या सदस्यत्वाचे पत्र आणि करओळख क्रमांक. विम्याचे काम जाण्यापूर्वीच झाले होते, खातेही ऑनलाइन उघडले. करओळख क्रमांक मात्र मागून मिळत नाही. आनमेल्डुंग झाली की नगरपालिकेकडून माहिती केंद्रीय कर कार्यालयाकडे जाते आणि तिथून अकरा आकडी क्रमांक नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. ईमेलने येत नाही, फोनवर सांगत नाहीत. परदेशातून आलेल्या माणसाचा निवासपरवानाही नोंदवलेला पत्ता ज्या विदेशी नागरिक कार्यालयाच्या हद्दीत येतो तेच कार्यालय देते. म्हणजे ज्या कामाला तो ‘नंतर करू’ म्हणाला होता, त्यावरच पगार आणि परवाना दोन्ही अवलंबून होते.

मंगळवारी त्याने ब्युर्गरब्युरोच्या संकेतस्थळावर वेळ शोधली. सगळ्यात जवळची तारीख पाच आठवड्यांनंतरची होती. तो घाबरला, पण ही त्यातल्या त्यात कमी काळजीची गोष्ट होती. मुदतीच्या आत वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवायचा आणि रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर तपासत राहायच्या, एवढेच त्याला सांगितले. नोंदणी ऑनलाइन करण्याची सोयही जर्मनीत आता आली आहे, पण ती आधीपासून नोंदवलेल्या आणि ऑनलाइन वापराचे ओळखपत्र असलेल्या माणसासाठी. नव्याने देशात आलेल्याला पहिल्या वेळी स्वतः जावेच लागते. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे त्याला रद्द झालेली एक वेळ सापडली, पोचल्यापासून एकोणिसाव्या दिवसाची.

खरी अडचण घरदाखल्याची होती. मूळ भाडेकरूने सही द्यायला साफ नकार दिला. पुढे भाड्याने दिल्याचे घरमालकाला सांगितलेले नव्हते आणि कागदावर सही आली की ते उघड होणार, ही त्याची भीती. याच सुमारास ओळखीतल्या कोणीतरी दुसरा मार्ग सुचवला. शहराच्या पलीकडे एक गृहस्थ महिना शंभर युरो घेऊन आपल्या पत्त्यावर नाव लावून देतात, म्हणजे प्रत्यक्ष राहायचे इथे आणि नोंद तिथे. रात्री पुण्यात साडेअकरा वाजले होते तेव्हा त्याचा फोन आला. त्याचा सूर ‘सगळेच करतात’ असा होता.

मी त्याला कायद्याचे कलम १९ वाचून दाखवले. प्रत्यक्ष न राहता नोंदणीसाठी पत्ता देणे त्या कलमाने स्पष्ट मना केले आहे आणि त्यासाठी ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय ज्या पत्त्यावर आपण राहत नाही तिथे करक्रमांकाचे पत्र येणार, विदेशी नागरिक कार्यालयाचे पत्र येणार, आणि ते शंभर युरो घेणाऱ्याच्या मर्जीवर आपल्याला मिळणार. दंडापेक्षा हे दुसरे कारण त्याला जास्त पटलेले दिसले.

त्याच कलमात त्याच्या अडचणीचे उत्तरही होते, आणि ते बहुतेकांना माहीत नसते. घरदाखला देणारा म्हणजे घराचा मालकच असतो असे नाही. ज्याने प्रत्यक्ष राहायला जागा दिली तो. पोटभाडेकरूच्या बाबतीत मूळ भाडेकरूची सही चालते, मालकाची लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागा देणाऱ्याने दाखला नाकारला किंवा वेळेत दिला नाही, तर राहायला आलेल्याने ते कार्यालयाला ताबडतोब कळवायचे असते. तसे कळवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. दाखला नाही म्हणून घरी बसून राहणे हा कायद्याने दिलेला पर्याय नाही.

आम्ही दोघांनी मिळून मूळ भाडेकरूला पाच ओळींचे पत्र लिहिले. धमकीची भाषा ठेवायची नाही हे आधी ठरवले, कारण त्याच घरात एकाच स्वयंपाकघरात वावरायचे होते. पत्रात तीन मुद्दे होते. मला दोन आठवड्यांत नोंदणी करावीच लागेल. दाखला नसेल तर तो का नाही हे मला कार्यालयाला सांगावे लागेल. आणि घराचा काही भाग पुढे भाड्याने द्यायला योग्य कारण असेल तर भाडेकरू मालकाकडे परवानगी मागू शकतो, तशी सोय जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ५५३ मध्ये आहे. जोडीदार निघून गेल्यामुळे भाडे एकट्याला परवडेना, हे कारण त्याच्याकडे होतेच. दोन दिवस तो बोललाच नाही. मुलगा सांगत होता की सकाळी चहाचे आधण ठेवायलाही संकोच वाटायचा. मग त्याने मालकाला पत्र पाठवले आणि मालकाने पासपोर्टची प्रत व नोकरीचे पत्र पाहून परवानगी दिली. सोळाव्या दिवशी दाखल्यावर सही झाली. इतक्या सहज होणाऱ्या गोष्टीसाठी त्या भाडेकरूने इतके दिवस जीव मुठीत धरून का काढले, हे मला आजही उलगडलेले नाही.

कार्यालयातली वीस मिनिटे

एकोणिसाव्या दिवशी तो पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरदाखला घेऊन गेला. मुदत पाच दिवसांनी उलटली होती. वेळ आधीच मागितल्याचा ईमेल दाखवल्यावर तिथल्या कर्मचारी बाईंनी त्यावर काही भाष्य केले नाही आणि दंडही लावला नाही. दर वेळी असेच घडेल असे धरून चालू नये.

नावावर मात्र तिथे दहा मिनिटे गेली. आपल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे आहेत, आडनाव वेगळ्या रकान्यात. जर्मन नोंदीत पासपोर्टप्रमाणे ही दोन्ही ‘पहिली नावे’ ठरतात. घरदाखल्यावर मात्र मूळ भाडेकरूने फक्त त्याचे नाव आणि आडनाव लिहिले होते. बाईंनी विचारले की हे मधले नाव कोणाचे? “वडिलांचे,” असे याने सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहत पुन्हा विचारले, “पण मग तुमचे कोणते?” शेवटी दोन्ही नावे पासपोर्टप्रमाणे नोंदली गेली. नोंदणीत नाव कसे येईल हे एकदा ठरले की विमा, बँक, परवाना सगळीकडे तेच अक्षरशः तसेच वापरायचे; एका ठिकाणी वडिलांचे नाव आणि दुसरीकडे नाही, असे झाले की दोन माणसे तयार होतात.

अर्जात धर्माचाही रकाना होता. त्याचा संबंध कराशी आहे. कर वसूल करण्याचा अधिकार असलेल्या चर्चचे सदस्य असाल तर आयकराच्या ८ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. बाडेन-व्युर्टेंबर्ग आणि बायर्न या दोन राज्यांत हा दर ८ टक्के आहे, इतरत्र ९. हिंदूंना त्याचा संबंध येत नाही. पुण्याच्या कॅम्प भागातले कॅथलिक विद्यार्थी माझ्या वर्गात असतात, त्यांना मात्र या रकान्याचा अर्थ जाण्याआधी सांगावा लागतो, कारण तिथे सहज लिहिलेला एक शब्द दरमहा पगारपत्रकावर उतरतो.

नोंदणी झाल्याचा कागद जागेवरच हातात मिळाला. त्याने त्याचा फोटो आईवडिलांना पाठवला. आईने देवापुढे साखर ठेवली. इथे प्रकरण संपायला हवे होते.

न आलेले पत्र

करओळख क्रमांकाचे पत्र दोन-चार आठवड्यांत यायला हवे. चौथा आठवडा सरला, पाचवा सरला. महिनाअखेरीस पगार झाला तो सहाव्या करवर्गात. जर्मनीत पगारदाराचे सहा करवर्ग असतात. सहावा हा एकाच वेळी दुसरी नोकरी असलेल्यांसाठी, आणि ज्यांची करविषयक माहितीच कंपनीला मिळालेली नाही अशांसाठीही. पहिल्या वर्गात वर्षाच्या ठरावीक उत्पन्नावर कर लागत नाही, २०२५ साठी ती मर्यादा १२,०९६ युरो होती. सहाव्या वर्गात ही सवलत पगारकपातीत धरलीच जात नाही. त्याचा हाती आलेला पगार पाहून वडिलांनी मला विचारले की कंपनीने फसवले तर नाही ना. कंपनीचा तसा हेतू नव्हता. पण क्रमांक नसण्यात कर्मचाऱ्याचा दोष नसेल तर कंपनी तीन महिन्यांपर्यंत संभाव्य करवर्ग धरून कपात करू शकते, अशी सोय आयकर कायद्याच्या कलम ३९ क मध्ये आहे, आणि पगाराचे काम पाहणाऱ्याने ती वापरली नाही. ती मागायची असते हे याला ठाऊक नव्हते.

पत्र का येत नाही याचा उलगडा सहाव्या आठवड्यात झाला, तोही अपघाताने. त्याच्या एका सहकाऱ्याने भेट म्हणून कुरिअर पाठवले आणि ते ‘या पत्त्यावर असा कोणी नाही’ अशी नोंद होऊन परत गेले. जर्मनीत बहुतेक इमारतींत सदनिकांना क्रमांक नसतात. पत्त्यात रस्ता आणि घरक्रमांक असतो, आत शिरल्यावर टपाल्याच्या समोर पेट्यांची रांग असते, आणि कोणती पेटी कोणाची हे तो पेटीवरच्या आडनावावरून ठरवतो. ज्या पेटीवर नाव नाही, त्या माणसाचे पत्र परत जाते. याच्या पेटीवर एकट्या मूळ भाडेकरूचे आडनाव होते. सरकारी नोंदवहीत हा मुलगा त्या घरात राहत होता, टपाल्याच्या लेखी राहत नव्हता.

ज्या शहरात जिन्यापासून फाटकापर्यंत प्रत्येक गोष्टीवर पाटी लावण्याची हौस आहे, त्या शहरातला मुलगा दीड महिना बिनपाटीचा राहिला, हे मला फोनवर हसू न आवरता सांगावे लागले. तोही हसला. त्याच रात्री त्याने आईने दिलेल्या औषधांच्या डब्यातली पांढरी कागदी चिकटपट्टी काढली, तिच्यावर काळ्या पेनाने आडनाव लिहिले आणि पेटीवर व खाली दारावरच्या घंटेच्या बटणाशेजारी लावली. मला फोटो आला. पट्टीचा एक कोपरा वर उचललेला होता आणि नाव लिहिताना शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती म्हणून ते बारीक झाले होते.

त्यानंतर त्याने केंद्रीय कर कार्यालयाकडे क्रमांक पुन्हा कळवण्याची विनंती केली. तोही टपालानेच येतो. आला, तीन आठवड्यांनी. मधल्या काळातला दुसरा पगारही सहाव्या वर्गातच झाला. तिसऱ्या महिन्यात पगार विभागाने पहिला वर्ग लावला आणि आधीच्या दोन महिन्यांची जादा कपात त्याच पगारात परत केली. ती तेव्हा परत मिळाली नसती तरी वार्षिक विवरणपत्रातून परत मागता आली असती, पण नवख्या माणसाला पहिल्या दोन महिन्यांतच हातात पैसा लागतो. घराची अनामत, थंडीचे कपडे, सायकल.

पेटीवर नाव लागताच आलेले पहिले पत्र मात्र करक्रमांकाचे नव्हते. सार्वजनिक प्रसारण वर्गणीचे होते. नोंदणी कार्यालयाकडून नव्या पत्त्यांची माहिती त्या यंत्रणेकडे जाते आणि दर घरामागे महिना १८.३६ युरो मागितले जातात, घरात दूरचित्रवाणी संच असो वा नसो. याने तो फसवणुकीचा प्रकार समजून पत्र बाजूला टाकले होते. वर्गणी माणशी नसते, घराला एकच असते आणि मूळ भाडेकरू ती भरत होताच. त्याचा वर्गणी क्रमांक कळवल्यावर विषय मिटला.

दुसरी नोंदणी

तीन महिन्यांनी त्याने शेजारच्या गावात दोन खोल्यांचे घर घेतले. या वेळी जागा पाहायला गेल्यावर भाड्याआधी त्याने घरदाखल्याचे विचारले. जर्मनीतल्या जर्मनीत घर बदलले की जुन्या ठिकाणी वेगळे कळवावे लागत नाही; नव्या ठिकाणची नोंद झाली की जुनी आपोआप निघते. गाव बदलल्यामुळे विदेशी नागरिक कार्यालय बदलले आणि निवासपरवान्याची धारिका इकडून तिकडे जाण्यात काही आठवडे गेले, एवढेच.

त्यानंतर त्याची पत्नी पुण्याहून गेली. तिच्या नावावरून घरात बरीच चर्चा झाली होती. पासपोर्ट आणि पदव्या माहेरच्या नावावर, आधार कार्ड लग्नानंतर सासरच्या नावावर. विवाहाचे प्रमाणपत्र महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली घेतलेले. सासूबाईंचे म्हणणे होते की परदेशात जाताना नाव एकच असावे, म्हणून पासपोर्ट बदलून घ्यावा. मी त्यांना सांगितले की तिथे नोंद पासपोर्टप्रमाणे होते, नवराबायकोची आडनावे वेगळी असण्याचे तिथे कोणाला नवल नाही, आणि ऐन जायच्या वेळी पासपोर्ट बदलला तर व्हिसापासून पदव्यांपर्यंत सगळ्या कागदांची साखळी पुन्हा जुळवावी लागेल. प्रमाणपत्राचे जर्मन भाषांतर केले, त्यात वधूचे विवाहापूर्वीचे नाव पासपोर्टातल्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिले. मूळ प्रमाणपत्रात एका अक्षराचा फरक निघाला. तो जाण्याआधी क्षेत्रीय कार्यालयातून दुरुस्त करून घेतला, त्यासाठी तिच्या वडिलांना तीन खेपा घालाव्या लागल्या.

ती पोचल्याच्या नवव्या दिवशी तिची नोंदणी झाली. त्याआधी, पोचली त्याच संध्याकाळी, टपालपेटीवर दुसरे आडनाव लागले होते. तिच्या करओळख क्रमांकाचे पत्र सोळा दिवसांत आले.

देश कायमचा सोडताना तिथे नाव कमीही करावे लागते, आणि ते निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते, हे मी बोलण्याच्या ओघात त्याच्या वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग उठून कपाटातून शिधापत्रिका काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. चार नावे होती, तिसरे मुलाचे. “हे कुठे कळवायचं असतं, ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही,” ते म्हणाले. मी म्हटले, परिमंडळ कार्यालयात अर्ज द्यावा लागेल. त्यांनी मान हलवली, पत्रिका पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कपाटात ठेवून दिली.